मोटारीला बांधलेलं काकण

यंत्र म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात दोनच माणसांना कळतं. एक मी. दुसरा कोण ते अजून ठरायचंय!

हे मी उगाच म्हणत नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली आहेत मी. "कुठल्या खात्यात, ते पण सांगा ना," असं आमची जयश्री चारचौघांत मुद्दाम म्हणते. स्टोअरमध्ये! त्यात लाजायचं काय? कुठल्याही यंत्राचा कुठलाही सुटा भाग माझ्या हातात द्या. नाव सांगतो, नंबर सांगतो, कुठल्या कपाटात कुठल्या खणात ठेवायचा तेही सांगतो. तो यंत्रात कुठे बसतो, हे एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही. यात माझा काय दोष?

तर निवृत्त झालो आणि आटगावच्या आत आमच्या गावी येऊन राहिलो. गावापुढे धरणाचं पाणी आहे आणि पाण्यापलीकडे पाडा. पाणी नळातून मुंबईला जातं, ते ओलांडायचं काम तेवढं पाड्याकडे ठेवलंय. मधे पूल व्हायचा आहे. त्याचं भूमिपूजन आजवर तीनदा झालं. तिथे इतके नारळ फुटलेत की करवंट्या जरी रचल्या असत्या तरी निम्मा पूल झाला असता!

तोवर पाड्याचा पूल म्हणजे कमळू. त्याची एकुलती एक होडी आणि दोन वल्ही. शाळेची पोरं, बाळंतिणी, रेशनचे तांदूळ, शेळ्या, सगळं कमळूच वल्हवून न्यायचा. एका फेरीला अर्धा तास. घाई नाही, गडबड नाही. मी काठावर बसून बघायचो आणि माझा जीव तुटायचा.

"कमळू, अरे एकविसावं शतक आहे! वल्ही कसली मारतोस?"

"पोचतो ना भाऊ," तो म्हणायचा.

पोचतो ना! ही वृत्ती! अशानेच देश मागे राहिला, असं मी जयश्रीला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "आधी मुरबाडला जा आणि माझं शेवयांचं यंत्र दुरुस्त करून आणा. दांडा तुटलाय."

त्या शेवयांच्या यंत्रानेच सगळं घडवून आणलं. ते घेऊन मी मुरबाडला गेलो. दुरुस्तीवाला जेवायला गेला होता म्हणून शेजारच्या भंगारवाल्याकडे टेकलो, आणि तिथे, मोडक्या कुलरच्या आणि बंबांच्या ढिगात, ती मला दिसली. होडीची मोटार! होडीच्या मागे अडकवायची असते ती. वर पेट्रोलची पितळी टाकी, खाली लांब नळी, टोकाला तीन पात्यांचा पंखा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची तरी असणार. धरणावरच्या कुणा साहेबाच्या लाँचला असावी.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"साहेब, चालू असती तर माझ्याकडे आली असती का?" भंगारवाला म्हणाला.

अज्ञानी माणूस. मी तिथल्या तिथे सौदा केला. तिकडून मोटार, इकडून शेवयांचं यंत्र. घरी आल्यावर जयश्रीने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"शेवया कुठून निघतात ह्यातून?"

संशोधकांच्या बायका अशाच असतात.

दुरुस्ती मी केली. म्हणजे हात आसनगावच्या गॅरेजवाल्या संदीपचे होते, पण मार्गदर्शन माझं! तो दुचाकींची कामं करतो. पोरगा हुशार, पण अतिशय शंकेखोर. त्याने कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले, नवा प्लग बसवला. मी प्रत्येक वस्तूचं नाव सांगत होतो. मग तो जेवायला गेला तेव्हा उरलेली किरकोळ कामं मी स्वतः हातावेगळी केली. पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक गळत होता. त्याला मी चारी बाजूंनी सिमेंटसारखा कडक होणारा मसाला थापला. एक थेंब गळेना! मोटार पाण्यातून वर उचलायची बिजागरी खिळखिळी होती. तिथे लांब बोल्ट ठोकून ती कायमची घट्ट केली. सगळं जोडून झाल्यावर एक काळी वायर आणि एक बटण तेवढं उरलं.

संदीप परत आला. "काका, हे बंद करायचं बटण आहे. हे बाहेर का?"

"जास्तीचं आहे ते. जुने कारखानदार उदार असायचे, दोन वस्तू जास्त द्यायचे."

"आणि कॉक फिरत नाहीये. उघडाच चिकटलाय."

"गळत नाही ना? मग!"

"काका, मग ही बंद कशी करणार?"

मी त्याला हसून लिव्हर दाखवली. सुकाणूच्या दांड्यावर एक लिव्हर होती, पेट्रोल कमीजास्त करायची. आतली स्प्रिंग इतकी कडक की लिव्हर दाबून धरावी लागे. सोडली की झटकन मागे येई आणि मोटार बंद. "बोट काढलं की खेळ खलास! बटण कशाला हवं रे?"

संदीप डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे बोट काढता आलं पाहिजे."

मी म्हटलं होतं ना, शंकेखोर.

पहिली चाचणी अंगणात घेतली. पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात मोटार उभी केली, दोरी चाकाला गुंडाळली आणि खेचली. बाविसाव्या हिसक्याला ती अशी काही गरजली की शेजारच्या गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. मी आनंदाने लिव्हर पूर्ण दाबली. पिंपातलं सगळं पाणी पंख्याने वर फेकलं आणि ते कुंपणापलीकडे सरस्वतीवहिनींच्या खाटेवर वाळत घातलेल्या तीन दिवसांच्या कुरडयांवर पडलं!

"सुदामभावजी!" वहिनी ओरडल्या. "अहो, गव्हाचा चीक परत झाला याचा!"

"वहिनी, ताकद बघा की तिची!" मी म्हणालो.

त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. जयश्रीशी बोलल्या, बराच वेळ, आणि त्या दोघींनी मधूनमधून माझ्याकडे पाहिलं. ते असो. मी बोट काढलं, मोटार बंद झाली. सिद्ध झालं की नाही?

आणि त्याच संध्याकाळी कमळू आला. हातात हळद लावलेल्या अक्षता.

"भाऊ, काजलचं लगीन हाय. तुमी आन वैनी, दोघांनी येवाचं."

काजल ही त्याची एकुलती एक पोरगी. तिचं आधी एकदा जमलेलं मोडलं होतं. पाणी ओलांडून सोयरीक कोण सांभाळणार, म्हणत ती माणसं मागे हटली. आता उंबरमाळीकडचा रोशन नावाचा मुलगा मिळाला होता. पोरगी खूश होती, पोरगा खूश होता. नाखूश एकटा नवऱ्याचा मामा, यमाजी. वऱ्हाड डोंगरावरून पायी येणार होतं आणि जंगलातून पायीच परतणार होतं. म्हणून यमाजीमामाने आधीच बजावलं होतं की, दिवस डोंगराला टेकायच्या आत लग्न लागलं तर ठीक, नाहीतर आम्ही आमचा नवरा घेऊन माघारी.

"वेळेत लागेल ना रे?" मी विचारलं.

कमळू पायाने माती उकरत म्हणाला, "सगळं तयार हाय. फकस्त भिमीबाय."

इथे नवख्या वाचकासाठी सांगतो. पाड्यात भटजी लागत नाही. लग्न लावते ती धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, एकेका धवल्यात एकेक विधी होतो, आणि शेवटचा धवला संपला की लग्न लागलं. ती नसेल तर अक्षता टाका नाहीतर पोतंभर तांदूळ ओता, लग्न नाही. आणि भिमीबाय म्हणजे आसपासच्या बारा पाड्यांची धवलारीण. लग्नसराईत तिची एकेक तासाची वाटणी झालेली असते. त्या दिवशी दुपारी तिचं एक लग्न आमच्या काठावर होतं. ते उरकून चार वाजता ती मोकळी होणार होती.

"मी नवरीचा बाप. मांडव सोडून येता येवाचं नाय," कमळू म्हणाला. "माजा भाव नितीन वल्हवीत आणील तिला."

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात असे क्षण एकदाच येतात.

"वल्हवीत? काजलच्या लग्नाला धवलारीण वल्हवीत येणार? मी आहे ना! दहा मिनिटांत आणून सोडतो. मोटारीने!"

कमळूने अंगणातल्या मोटारीकडे पाहिलं, ओल्या खाटेकडे पाहिलं. "भाऊ, माज्याकडं एकच होडी हाय."

"एकच पुरे!"

"तसं नाय..." तो म्हणाला. मोठ्या माणसाला नाही म्हणायची पाड्यात पद्धत नाही. मला तेव्हा तो होकार वाटला.

लग्नाच्या दिवशी चार वाजता आम्ही काठावर हजर. मी, नव्या शर्टात. जयश्री, आहेराची भलीमोठी स्टीलची परात घेऊन. "परात कसली देतेस? घड्याळ तरी द्यायचं," मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "परात कामाला येते." नितीन वल्ही खांद्यावर घेऊन उभा होता. आणि भिमीबाय. साठी उलटलेली, काटकुळी, कपाळाला अख्खी चिमूट हळद, आवाज मात्र असा की एका टेकडीवरून हाक मारली तर दुसरीवरची गाय वळावी.

मोटार होडीला घट्ट बसवली होती. भिमीबायने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिची पूजा केली का?"

"यंत्र आहे ते, भिमीबाय."

"आन लग्नाच्या कामाला निघालंय. म्हंजी तेबी वऱ्हाडच. बिनपूजेचं नाय येवाचं."

मी पुरोगामी आहे, पण कौतुक कुणाला नको असतं? नारळ फुटला, कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मग तिने कनवटीतून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा काढला. काकण! नवरा-नवरीच्या हाताला बांधतात तेच.

"हिचा हात कुठला?" तिने विचारलं.

आणि माझ्या डोक्यात एक तेजस्वी कल्पना आली. लिव्हर दाबून दाबून बोट दुखतंच. काकणाने ती दाबूनच राहिली तर? दुहेरी फायदा!

"हा बघा हात," मी लिव्हर दांड्याशी पूर्ण दाबून धरत म्हणालो. "दांड्यासकट बांधा. घट्ट!"

भिमीबायने पाच वेढे दिले आणि सात गाठी मारल्या. चाळीस वर्षं ती गाठी मारतेय. मी बोट काढलं. लिव्हर जागची हलली नाही. काय काम केलंय, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा!

मग दोरी खेचायला लागलो. दहा हिसके, काही नाही. वीस, काही नाही. नितीन दर दहा हिसक्यांनी विचारायचा, "भाऊ, वल्ही घेऊ का?"

"खाली ठेव ती! मोटारीच्या होडीत वल्ही? विमानात बैल जुंपतात का?"

बिचाऱ्याने वल्ही काठावर ठेवली. पाच वाजले. पलीकडून वाजंत्री ऐकू येत होती. भिमीबाय डोंगराकडे बघत म्हणाली, "दिवस कलला रे." मला घाम फुटला. शर्ट चिकटला. सत्तराव्या की ऐंशीव्या हिसक्याला, मी देवाचं नाव घेतलं असं जयश्री म्हणते, मी कारखान्याचं घेतलं असं मी म्हणतो, ती सुरू झाली!

या मोटारींना गाडीसारखा न्यूट्रल नसतो. सुरू झाली की निघालीच. नितीनचा एक पाय होडीत होता आणि एक काठावर. त्याने क्षणात विचार केला आणि काठ निवडला. शहाणा मुलगा. होडी अशी सुटली की भिमीबाय पाठीवर, जयश्री परातीवर आणि मी दांड्यावर लटकलेला!

पण काय वेग! कमळूच्या होडीने जन्मात असा वेग पाहिला नव्हता. पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं, माझे उरलेसुरले केस उडत होते. समोरचा काठ झपाट्याने जवळ यायला लागला. मांडव दिसला. नवरी दिसली. काठाशी स्वागताला जमलेली माणसं दिसली. पाण्यालगत चुलींवर चढवलेली वरणाची पातेली दिसली.

"भाऊ थांबवा!" कुणीतरी ओरडलं.

मी ऐटीत बोट काढलं. मग लक्षात आलं की बोट तिथे नव्हतंच. तिथे काकण होतं.

"अहो, काठ आला!" जयश्री किंचाळली.

मी गाठ ओढली, ती आणखी आवळली. काठावरची माणसं सैरावैरा पळाली, वाजंत्रीवाला ढोलावर पडला. शेवटच्या क्षणी मी सगळं अंग टाकून दांडा फिरवला. होडी काठाला हातभर चुकवून गर्रकन वळली आणि मागून उठलेली लाट सरळ चुलीवर गेली. वरणाची चूल विझली. तिथून जो शब्द ऐकू आला तो मी इथे लिहीत नाही.

"काय झालं हो?" जयश्रीने विचारलं.

"तांत्रिक अडचण!"

कॉक बंद करायला गेलो. दगड झाला होता. मोटार पाण्याबाहेर उचलायला गेलो. बोल्ट मीच ठोकला होता, आणि छान ठोकला होता! प्लगची वायर उपटायला गेलो तर असा झटका बसला की मी भिमीबायच्या मांडीत जाऊन बसलो. टाकी? काठोकाठ भरलेली. दोन तास तरी संपत नव्हती. आणि दिवस डोंगरापासून हातभर वर.

शेवटी जयश्रीने पिशवीतून सुरी काढली. कुठेही जाताना तिच्या पिशवीत सुरी असते, कांद्यासाठी. मी ती काकणाला लावली.

फाटकन माझ्या हातावर चापट बसली!

"काकण कापतोस?" भिमीबायचे डोळे लाल झाले होते. "लगीन लागल्याबिगर काकण सुटत नाय!"

"अहो, मोटारीचं काकण आहे!"

"बांधलं कुनाच्या नावानं? काजलच्या लग्नाच्या नावानं बांधलं. चाळीस वर्सं झाली, माज्या हातचं काकण लग्नाआधी तुटलं नाय. त्या पोरीचं एकदा मोडलंय. आता तिच्या नावाचं काकण तुजी सुरी कापनार? सगळ्यांच्या देखत?"

मी जयश्रीकडे पाहिलं. तिने माझ्या हातून सुरी काढून घेतली आणि पिशवीत ठेवली.

तोवर होडी पाण्याला वळसा घालून परत मांडवाकडे आली होती. मी लांबून वळवली. काठावर कमळू उभा होता, डोक्याला मुंडासं, दोन्ही हात खाली सोडलेले. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. नुसता बघत होता. त्याच्या मागे काजल, कपाळावरच्या मुंडावळ्या बाजूला करून बघत होती. आणि यमाजीमामा डोंगराकडे बोट दाखवून आपल्या माणसांना काहीतरी सांगत होता. दोघातिघांनी काठ्या उचललेल्या मला दिसल्या, वाटेला लागायच्या.

खरं सांगतो. इतका वेळ ही माझी मोटार होती. आता ती त्या पोरीचं लग्न होती, आणि ते मी गोल गोल फिरवत होतो.

"भिमीबाय," मी म्हणालो, "चुकलो. काय करू सांगा."

"तू हिला चालव," ती म्हणाली. "काठाजवळून ने. लांब नेऊ नको आन जवळबी घालू नको. येवडं तरी जमंल ना?"

मग ती उठली. हलत्या होडीत, पुढच्या टोकाला, पदर कमरेला खोचून उभी राहिली. जयश्रीने मागून तिची कंबर धरली. आणि काठ जवळ येताच भिमीबायने आवाज लावला:

"पाण्याचे गो पायरी, नवरी उभी ऱ्हायली..."

माझी मोटार गरजत होती, तिच्यावरून तो आवाज काठावर गेला! मांडवातल्या बायका क्षणभर गोंधळल्या. मग एकीने ओळ उचलली, दुसरीने उचलली, आणि होडी वळसा घालायला लांब गेली तोवर अख्खा काठ तीच ओळ गात होता. आम्ही परत आलो की भिमीबाय पुढची ओळ द्यायची. बायका ती उचलायच्या, आम्ही परत लांब. असं लग्न मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला नवरानवरी पाटावर उभी राहिली. तिसऱ्या फेरीला मधे अंतरपाट म्हणून धोतर धरलं. चौथ्या फेरीला मी जरा जास्तच लांब गेलो, तर काठावरच्या बायका तीच ओळ अकरा वेळा म्हणाल्या आणि परत आल्यावर सगळ्यांनी मिळून मला दम भरला. पाचव्या फेरीला यमाजीमामाची माणसं काठ्या टाकून बघायला पाण्यापाशी आली. मामा एकटाच डोंगराकडे तोंड करून उभा होता.

"किती राहिले धवले?" मी विचारलं.

"दोन. गप चालव."

सहाव्या फेरीला दिवस डोंगराच्या झाडांना लागला. सातवी फेरी मी अशी घातली की कमळूनेसुद्धा घातली नसती, काठापासून नेमकी वीस हात, सरळ रेषेत. भिमीबायने शेवटची ओळ दिली, मुठीतल्या अक्षता काठाकडे भिरकावल्या, त्यातल्या निम्म्या माशांवर पडल्या, आणि दोन्ही हात वर करून ओरडली:

"लागलं गो, लागलं!"

धोतर बाजूला झालं. काजलने रोशनच्या गळ्यात माळ घातली. वाजंत्रीवाल्याने फुटक्या ढोलावर थाप मारली. यमाजीमामाने डोंगराकडे पाहिलं. दिवस अजून सुपाएवढा शिल्लक होता. मामाने मुंडासं सोडलं आणि डोळे पुसले. धुरामुळे असेल, ओल्या चुलीचा धूर फार होता.

"आता सोडू काकण?" मी विचारलं.

"नवरानवरीचं पाचव्या दिवशी सुटंल. हिचं आताच सोड, ही काय नांदाया जायाची नाय," असं म्हणत भिमीबायने स्वतः वाकून दातांनी सात गाठी सोडवल्या. लिव्हर झटकन मागे आली. मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली. एकदम शांतता!

"बघितलंत?" मी म्हणालो. "बोट काढलं की खेळ खलास. मी संदीपला सांगत होतो."

"खेळ खलास झालाय," जयश्री म्हणाली, "पण काठ तिकडे आहे. पोचायचं कसं?"

सातव्या फेरीच्या जोरावर होडी घसरत बरीच खोल पाण्यात गेली होती. वल्ही त्या काठावर होती, लग्न या काठावर, आणि पाड्याची एकुलती एक होडी आमच्याच बुडाखाली! मी परत दोरी गुंडाळायला लागलो तशा दोघी एकदम ओरडल्या, "हात लावू नका!"

मग जयश्रीने आहेराचा कागद फाडला. परात काढली, पदर खोचला आणि होडीच्या पुढे बसून परातीने पाणी मागे सारायला लागली. घाई नाही, गडबड नाही. भिमीबाय शेजारी पाय पसरून बसली आणि लग्नातल्या बायकांची नावं घेऊन गप्पा मारायला लागली. मी मागे मोटारीजवळ बसलो. सुकाणू धरायला कुणीतरी हवंच ना!

काठावर कमळूने होडीचं टोक धरलं. मी मान खाली घालून म्हणालो, "कमळू, माफ कर रे."

तो हसला. "पोचलात ना भाऊ."

जेवायला वरण कच्चं होतं. माझ्या पानात मात्र ते दोनदा वाढलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. काजलला मुलगी झाली. पूल अजून व्हायचा आहे, चौथं भूमिपूजन तेवढं झालं. आणि पाड्याच्या लग्नांत एक नवी रीत पडली आहे. तुम्हाला खोटं वाटेल! लग्न लागण्याआधी धवलारीण होडीत बसून काठाजवळून सात फेऱ्या घालते. काजलचा संसार चांगला चाललाय, तेव्हा ते शुभ असतं, असं ठरलंय. होडीत मोटार लागतेच. तिला हार घालतात, कुंकू लावतात, लिव्हरला काकण बांधतात. आणि होडी वल्हवतो कमळू.

परवाच भिमीबायचा निरोप आला. तीन लग्नांचं आमंत्रण आहे, मोटारीला. निरोपात म्हटलंय, मोटार धुऊन पुसून आणा, पेट्रोल मुळीच आणू नका, आणि जयश्रीवैनीने परात आठवणीने आणावी.

माझ्याबद्दल काही म्हटलंय का, असं मी निरोप्याला विचारलं. तो म्हणाला, "हां, म्हटलंय ना. मोटार जड हाय, उचलाया एक मानूस लागंल."